‘गो’ हे क्रियापद आणि आपले ‘जाणे’ : वाचकांचे प्रश्न

इंग्रजी लिपीत जेमतेम दोन अक्षरांनी लिहिल्या जाणाऱ्या ‘गो’ या क्रियापदाविषयी या वेळी इतकी पत्रे आली, की हा संपूर्ण स्तंभ त्यालाच द्यावा असे ठरवले. बहुतेक पत्रांचा सूर एक आहे. शाळेत ‘गो म्हणजे जाणे’ असे शिकवले जाते, आणि पुढे वाचताना किंवा बोलताना पदोपदी तो अर्थ लागू पडत नाही असे वाटते. माझे मत थोडे निराळे आहे. ते समीकरण चुकीचे नाही. आपण आपल्या ‘जाणे’ या क्रियापदाकडे पुरेसे बारकाईने पाहिलेले नसते, म्हणून ते अपुरे वाटते. मराठीत माणसे जातात, तशीच वीज जाते, तोल जातो, दूध उतू जाते, पेपर चांगला जातो आणि दिवसही जातात. ही सगळी ‘जाणी’ डोळ्यांसमोर ठेवली, तर इंग्रजी ‘गो’चा बराचसा पसारा ओळखीचा वाटू लागतो, आणि जो भाग खरोखर परका आहे तो वेगळा काढता येतो.

प्रश्न : ‘प्ले’चा भूतकाळ ‘प्लेड’ होतो, मग ‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ कसा? या दोन शब्दांत एकही अक्षर समान नाही. ते पाठ करावे लागते हे मान्य आहे, पण कारण समजले तर पाठ करणे सोपे जाईल. (दहावीतील विद्यार्थी, लातूर)

उत्तर : ‘गो’ आणि ‘वेंट’ हे मुळात दोन निरनिराळ्या क्रियापदांचे तुकडे आहेत. जुन्या इंग्रजीत ‘गो’च्या पूर्वरूपाला भूतकाळासाठी ‘एओडे’ असे एक तिसऱ्याच वळणाचे रूप होते. त्याच भाषेत ‘वेंड’ नावाचे दुसरे क्रियापद होते. त्याचा मूळ अर्थ ‘वळणे’ आणि पुढे ‘वाट धरणे, मार्गस्थ होणे’ असा झाला होता. ‘सेंड’चे ‘सेंट’, ‘बेंड’चे ‘बेंट’, ‘स्पेंड’चे ‘स्पेंट’ होते, त्याच नियमाने ‘वेंड’चे ‘वेंट’ होत असे. मध्ययुगात ‘एओडे’ हळूहळू मागे पडले आणि साधारण पंधरावे शतक संपेपर्यंत इंग्लंडच्या दक्षिण भागातील भाषेत ‘वेंट’ने त्याची जागा पूर्णपणे घेतली. आपला भूतकाळ ‘गो’ला देऊन बसलेले ‘वेंड’ आज फक्त ‘वेंड वन्स वे’, म्हणजे ‘रमतगमत वाटचाल करणे’, अशा प्रयोगात उरले आहे, आणि त्याला भूतकाळासाठी ‘वेंडेड’ असे नवे रूप घ्यावे लागले. उत्तरेकडील स्कॉट बोलीने मात्र हा मार्ग धरला नाही. तिने ‘गो’पासूनच ‘गेड’ असे रूप घडवले.

आता आपल्याकडे पाहा. ‘मी जातो’ आणि ‘मी गेलो’ या दोन रूपांत तरी कोणते अक्षर समान आहे? ‘जा’ हा धातू संस्कृतातील ‘या’ या धातूपासून आला आहे. ‘याति’चे प्राकृतात ‘जाइ’ झाले आणि त्यातून आपले ‘जातो’ उभे राहिले. शब्दारंभीच्या ‘य’चा ‘ज’ होणे आपल्याला नवे नाही. ‘यात्रा’ची ‘जत्रा’ झाली ती याच रीतीने, आणि ‘यात्रा’ हा शब्दही त्याच ‘या’ धातूचा आहे. ‘गेलो’ मात्र ‘गम्’ या दुसऱ्याच धातूच्या ‘गत’ या रूपातून, त्याला प्राकृतातील ‘इल्ल’ हा प्रत्यय लागून आले आहे. याचा अर्थ असा, की इंग्रज माणसाने दोन क्रियापदे जोडून एक केले, आणि आपल्या पूर्वजांनीही नेमक्या याच क्रियापदाच्या बाबतीत तेच केले. लातूरच्या या विद्यार्थ्याने आजवर ‘गेला’विषयी प्रश्न विचारला नाही, कारण तो शब्द त्याच्या कानावर व्याकरण सुरू होण्याच्या कितीतरी आधी पडला होता.

अनियमितपणाचे कारणही तेच आहे. जे शब्द दिवसातून शंभर वेळा बोलले जातात, त्यांची जुनी रूपे नियमांच्या रेट्यापुढे टिकून राहतात, कारण प्रत्येक नवी पिढी ती ऐकूनच शिकते. इंग्रज मुलेही लहानपणी काही काळ ‘गोड’ असे ‘गो’ला ‘ड’ लावून म्हणतात, आपली मुले ‘केला’ऐवजी ‘करला’ म्हणतात, आणि मोठ्यांचे ऐकून दोन्हीकडची मुले सुधारतात. जाता जाता एक सांगण्यासारखी गोष्ट : आपल्या ‘गम्’चा इंग्रजीतील सख्खा नातेवाईक ‘गो’ नाही, तो आहे ‘कम’. हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन धातूपासून निघाले; संस्कृतात त्याचा अर्थ ‘जाणे’कडे झुकला आणि इंग्रजीत ‘येणे’कडे. संस्कृतात ‘येणे’ म्हणायचे असेल तेव्हा त्याच ‘गम्’ला ‘आ’ जोडून ‘आगमन’ करावे लागते.

प्रश्न : ‘आय गो टु स्कूल’ बरोबर, मग ‘आय गो टु होम’ चूक का? आणि ‘गो टु स्कूल’ व ‘गो टु द स्कूल’ यांत फरक काय? (गृहिणी, डोंबिवली)

उत्तर : मराठीत आपण ‘घराला जातो’ म्हणत नाही, ‘घरी जातो’ म्हणतो. ‘घरी’ या शब्दातच ‘-कडे, -त’ हा अर्थ सामावलेला आहे. अशा वाक्यातील ‘होम’ म्हणजे ‘घर’ नसून ‘घरी’ असते. जुन्या इंग्रजीतील त्या नामाचे एक विभक्तिरूप गतीच्या क्रियापदांबरोबर क्रियाविशेषणासारखे वापरले जात असे; प्रत्यय झिजून गेला, तरी अर्थ शब्दात राहिला. त्यापूर्वी ‘टु’ लावणे म्हणजे ‘घरीला जाणे’ असे म्हणण्यासारखे आहे. ‘अब्रॉड’ म्हणजे ‘परदेशी’, ‘अपस्टेअर्स’ म्हणजे ‘वरच्या मजल्यावर’, ‘देअर’ म्हणजे ‘तिथे’. यांनाही ‘टु’ लागत नाही. ‘हाउस’ मात्र निव्वळ नाम आहे, म्हणून ‘गो टु माय अंकल्स हाउस’ असेच म्हणावे लागते.

दुसऱ्या शंकेचे उत्तर असे, की ‘गो टु स्कूल’ म्हणजे शिकण्यासाठी शाळेत जाणे. तेथे विशिष्ट इमारत अभिप्रेत नसते. मुलाच्या शिक्षकांना भेटायला आई गेली, तर ती ‘टु द स्कूल’ गेली. ‘बेड’, ‘चर्च’, ‘प्रिझन’ या शब्दांचेही असेच आहे. ‘हॉस्पिटल’च्या बाबतीत ब्रिटिश लोक उपचारासाठी दाखल झालेल्या रुग्णाविषयी ‘द’ गाळतात आणि अमेरिकन लोक ठेवतात. ‘ऑफिस’, ‘बँक’ आणि ‘मार्केट’ या शब्दांना ही सवलत नाही, असे समजून चालणे सुरक्षित आहे. ‘गो टु वर्क’ म्हणावे, पण ‘गो टु द ऑफिस’.

प्रश्न : ‘ही हॅज गॉन टु नाशिक’ आणि ‘ही हॅज बीन टु नाशिक’ ही दोन्ही वाक्ये वाचनात येतात. ‘बीन’ हे तर ‘असणे’चे रूप आहे, ते येथे कसे? (शिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या वर्गात हा फरक एका मिनिटात समजावता येईल, कारण मराठीने तो फार स्वच्छपणे सांगितला आहे. ‘तो नाशिकला गेला आहे’ म्हणजे ‘गॉन’, आणि ‘तो नाशिकला जाऊन आला आहे’ म्हणजे ‘बीन’. पहिल्यात माणूस अजून परतलेला नाही. दुसऱ्यात तो परतला आहे आणि त्या प्रवासाचा अनुभव त्याच्या पदरी आहे. यामुळे स्वतःविषयी बोलताना ‘आय हॅव गॉन टु दिल्ली’ हे वाक्य सहसा विचित्र ठरते, कारण बोलणारा समोर उभा असतो. ‘तुम्ही कधी काश्मीरला गेला आहात का?’ या मराठी प्रश्नात ‘गेला’ असले, तरी विचारायचे असते ते ‘जाऊन आला आहात का’ असेच. म्हणून इंग्रजीत ‘हॅव यू एव्हर बीन टु काश्मीर?’ असे म्हणावे.

याच पत्रात ‘बिफोर थ्री इयर्स’ या चुकीचा उल्लेख आहे, तोही येथे जोडतो, कारण तिच्या दुरुस्तीतसुद्धा ‘गो’ लपलेले आहे. ‘तीन वर्षांपूर्वी’चे शब्दशः भाषांतर करून मुले ‘बिफोर थ्री इयर्स’ लिहितात. योग्य प्रयोग ‘थ्री इयर्स अगो’ असा आहे. हा ‘अगो’ म्हणजे ‘निघून जाणे’ या अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित, म्हणजे ‘गेलेले’. ‘थ्री इयर्स अगो’ याचा मूळ भाव ‘तीन वर्षे गेली त्याला’ असा आहे. आपणही ‘गेल्या वर्षी’, ‘गेला सोमवार’ असे म्हणतोच. मुलांना ‘तीन वर्षे गेली’ या क्रमाने विचार करायला सांगितले, तर ‘थ्री इयर्स’ आधी आणि ‘अगो’ नंतर हा क्रम त्यांना आपोआप सुचतो. त्याबरोबर साधा भूतकाळ वापरावा, ‘हॅव’ नव्हे.

प्रश्न : मी काही वर्षे इंग्लंडमध्ये नोकरी करतो. सुरुवातीच्या दिवसांत सायंकाळी कार्यालयातून निघताना मी सवयीने ‘ओके, आय ॲम कमिंग’ म्हणालो, आणि सहकारी माझी वाट पाहत थांबला. ही चूक मराठीमुळे झाली हे मला समजते, पण ‘कम’ आणि ‘गो’ यांची नेमकी विभागणी समजत नाही. (संगणक अभियंता, लीड्स)

उत्तर : आपल्या घरांत निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, अशी शिकवण असते. ‘गेला’ हा शब्द मृत्यूसाठीही वापरला जातो, म्हणून निरोपाच्या क्षणी तो टाळला जातो, आणि ‘येतो’मध्ये ‘पुन्हा येईन’ असे आश्वासन असते. उंबऱ्यापाशी उभ्या असलेल्या आजीला ‘जातो’ ऐकवत नाही, आणि तिने ‘येतो म्हण’ असे सांगितले की आपण ते सुधारतो. या ‘येतो’ला इंग्रजीत प्रतिशब्द नाही. तेथे ‘आय ॲम ऑफ’, ‘आय मस्ट बी गोइंग’, ‘आय हॅड बेटर गो’ असे म्हणतात. आणि थोड्याच वेळात परतायचे असेल, म्हणजे आपले ‘जाऊन येतो’ म्हणायचे असेल, तर ‘आय विल बी राइट बॅक’ असे म्हणतात. ‘आय विल गो अँड कम’ हे भारतात, विशेषतः दक्षिणेत, सर्रास ऐकू येते आणि आपल्याला त्यातील आपुलकी कळते, पण लीड्समध्ये ते कळणार नाही.

निरोपाचा हा एक प्रसंग सोडला, तर विभागणी दोन्ही भाषांत जवळजवळ सारखी आहे, आणि येथे आपण मराठीवर विश्वास ठेवावा असे मी आग्रहाने सांगेन. ऐकणाऱ्याच्या किंवा बोलणाऱ्याच्या दिशेने होणारी हालचाल म्हणजे ‘कम’, तेथून दूर किंवा तिसऱ्या ठिकाणी होणारी हालचाल म्हणजे ‘गो’. दूरध्वनीवर आपण ‘मी उद्या तुमच्याकडे येतो’ म्हणतो. इंग्रजीतही ‘कम’च येते. ‘आम्ही चित्रपटाला चाललो आहोत, तू येतोस का?’ या वाक्यात मराठीने आधी जाण्याचे आणि मग येण्याचे क्रियापद वापरले आहे. इंग्रजीतही ‘वुई आर गोइंग टु द सिनेमा, आर यू कमिंग?’ असेच होते. स्वयंपाकघरातून जेवायला हाक आली, तर आपण ‘आलो’ किंवा ‘आलेच’ असे चक्क भूतकाळात उत्तर देतो. इंग्रजीत तेथे ‘कमिंग!’ म्हणतात, काळ बदलतो, पण क्रियापद तेच राहते.

आणखी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. ‘मी चाललो’ या वाक्यात ‘चालणे’ आहे, पण पायांनी चालणे नाही. तसेच ‘कसे काय चालले आहे?’, ‘घड्याळ चालत नाही’, ‘धंदा बरा चालला आहे’. इंग्रजीत यांतील पुष्कळ ठिकाणी ‘गो’ बसते : ‘हाउ इज इट गोइंग?’, ‘द क्लॉक वोंट गो’, ‘बिझनेस इज गोइंग वेल’. अडचणीतही चालत राहण्याला ‘कीप गोइंग’ म्हणतात. म्हणून कोशात ‘गो’समोर ‘जाणे’ आणि ‘चालणे’ हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी हवेत. परवानगीच्या ‘चालेल’साठी मात्र ‘गो’ वापरता येत नाही. तेथे ‘दॅट विल डू’ किंवा साधे ‘फाइन’ म्हणावे.

प्रश्न : ‘गो मॅड’, ‘गो बॅड’, ‘गो ग्रे’ असे प्रयोग वाचले. येथे कोणीच कोठे जात नाही. येथे ‘बिकम’ का वापरत नाहीत? आणि ‘गो’ नेमके कोणत्या शब्दांबरोबर वापरावे? (वाचक, नाशिक)

उत्तर : या वेळच्या प्रश्नांतील हा मला सर्वांत मोलाचा वाटतो. येथे स्थळ बदलत नाही, स्थिती बदलते. मराठीत अशा ठिकाणी ‘होणे’ हे सरळ क्रियापद आहे : वेडा झाला, केस पांढरे झाले, व्यापारी दिवाळखोर झाला. इंग्रजीत ‘बिकम’ वापरले तरी वाक्य बहुधा चूक ठरत नाही, पण पुस्तकी वाटते. बोलीत ‘गो’, ‘गेट’, ‘टर्न’, ‘ग्रो’ आणि ‘कम’ यांत कामाची वाटणी झालेली आहे.

‘गो’कडे प्रामुख्याने बिघाड आला आहे. माणूस ‘मॅड’, ‘ब्लाइंड’, ‘डेफ’, ‘बॉल्ड’ होतो तेव्हा ‘गो’. दूध ‘सावर’ होते, पाव ‘स्टेल’ होतो, फसफसणारे पेय ‘फ्लॅट’ होते, कंपनी ‘बँकरप्ट’ होते आणि बेत ‘राँग’ ठरतो, तेव्हाही ‘गो’. याच्या उलट बाजूला ‘कम’ उभे आहे : स्वप्न खरे ठरते तेव्हा ‘कम ट्रू’, बिघडलेले सारे सुरळीत होते तेव्हा ‘कम राइट’, बेशुद्ध माणूस शुद्धीवर येतो तेव्हा ‘कम राउंड’ आणि भानावर येतो तेव्हा ‘कम टु वन्स सेन्सेस’. म्हणजे नेहमीची, निरोगी, हवीशी स्थिती ही बोलणाऱ्याचे घर मानली गेली आहे. त्या घराकडे परतणे म्हणजे येणे, त्यापासून दूर होणे म्हणजे जाणे.

हे वाचून आपल्याला काही आठवले का? आपली शुद्ध जाते आणि आपण शुद्धीवर येतो. भान जाते, आणि भानावर येतो. घराणी उदयाला येतात आणि लयाला जातात. श्रम फळाला येतात किंवा वाया जातात. वाह्यात मुलगा ताळ्यावर येतो, आणि व्यसनाच्या आहारी जातो. मराठीने हीच कल्पना विशेषणांऐवजी ‘-ला’ आणि ‘-वर’ या प्रत्ययांनी मांडली, एवढाच फरक आहे. ‘वाया जाणे’ आणि ‘गो टु वेस्ट’, ‘झोपी जाणे’ आणि ‘गो टु स्लीप’ या जोड्या तर शब्दाला शब्द जुळतात. बल्ब गेला म्हणजे ‘द बल्ब हॅज गॉन’, आणि पेपर कसा गेला म्हणजे ‘हाउ डिड द पेपर गो?’ असेच. आपली मुले या शेवटच्या प्रश्नाला ‘माय पेपर वॉज गुड’ असे उत्तर देतात, तेव्हा प्रश्नपत्रिका चांगली काढली होती असा अर्थ निघतो. त्यांनी मनातील मराठी वाक्य तसेच ठेवून ‘इट वेंट वेल’ म्हटले असते, तर ते अचूक ठरले असते.

नियमाच्या मर्यादा सांगणे आवश्यक आहे. आजारपण, थकवा आणि म्हातारपण हेही नकोसे बदल आहेत, पण ‘गो इल’, ‘गो टायर्ड’, ‘गो ओल्ड’ असे कोणी म्हणत नाही. तेथे ‘फॉल इल’, ‘गेट टायर्ड’, ‘ग्रो ओल्ड’ हे प्रयोग रूढ आहेत. रंगांच्या बाबतीत चांगले-वाईट पाहिले जात नाही : चेहरा ‘रेड’ होवो की ‘व्हाइट’, ‘गो’ किंवा ‘टर्न’ दोन्ही चालतात. अलीकडे ‘गो व्हायरल’, ‘गो लाइव्ह’, ‘गो डिजिटल’, ‘गो ऑरगॅनिक’ असे प्रयोग वाढले आहेत आणि त्यांत बिघाड नाही. त्यांत जुनी पद्धत सोडून नव्या अवस्थेत जाण्याचा भाव आहे. सोडून जाणे हा धागा मात्र तेथेही तुटलेला नाही.

याच कुटुंबातील एक गट फार उपयोगी असून आपल्याकडे दुर्लक्षित आहे. ‘गो अननोटिस्ड’, ‘गो अनपनिश्ड’, ‘गो अनआन्सर्ड’ म्हणजे अनुक्रमे कोणाच्या लक्षात न येणे, शिक्षेवाचून सुटणे, अनुत्तरित राहणे. जे व्हायला हवे होते ते झाले नाही, असा अर्थ या नकारार्थी धातुसाधितांबरोबर ‘गो’ देते. मराठीत ‘जाणे’ कर्मणी प्रयोगाला मदत करते, उदाहरणार्थ ‘पत्र लिहिले जाते’. त्यावरून ‘द लेटर गोज रिटन’ असे करण्याचा मोह होऊ शकतो, पण तो प्रयोग इंग्रजीत नाही. ‘लेटर’ ‘अनआन्सर्ड’ जाऊ शकते, ‘आन्सर्ड’ जाऊ शकत नाही.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेत ‘विल’ आणि ‘गोइंग टु’ यांतून निवड करायला सांगतात. दोन्ही भविष्यकाळच आहेत ना? (परीक्षार्थी, अमरावती)

उत्तर : मराठीतही भविष्यकाळाची दोन रूपे आहेत : ‘मी सांगेन’ आणि ‘मी सांगणार आहे’. पहिल्यात बोलतानाचा संकल्प, अंदाज किंवा वचन असते. दुसऱ्यात आधीच ठरलेली किंवा दिसू लागलेली गोष्ट असते. ‘-ईन, -ईल’साठी ‘विल’ आणि ‘-णार आहे’साठी ‘गोइंग टु’ असा आधार धरला, तर बहुतांश प्रश्न सुटतात. काळे ढग दाटले आहेत, तर ‘आता पाऊस पडणार’, म्हणून ‘इट इज गोइंग टु रेन’. एक जागा मात्र लक्षात ठेवावी. दारावरची घंटा वाजली की आपण ‘थांब, मी उघडते’ असे वर्तमानकाळात म्हणतो. त्या क्षणी घेतलेल्या निर्णयासाठी इंग्रजीत ‘आय विल ओपन इट’ असे ‘विल’ लागते.

या रचनेतील ‘गोइंग’ खरोखरच चालण्यातून आले आहे. ‘मी काही विकत घेण्यासाठी जात आहे’ या वाक्यात जाणेही आहे आणि हेतूही आहे. हेतू पुढे आला, जाणे पुसट झाले, आणि शेवटी घरी बसून ‘आय ॲम गोइंग टु रीड’ म्हणणे शक्य झाले. बोलीत ‘गोइंग टु’चे ‘गना’ होते, पण ते फक्त भविष्यकाळाच्या अर्थी. ‘आय ॲम गना ईट’ असे म्हणतात, ‘आय ॲम गना पुणे’ असे कोणी म्हणत नाही, कारण तेथे पाय अजून चालत आहेत. मराठीतही ‘मी समजवायला गेलो तर तोच चिडला’ या वाक्यात कोणी उठून गेलेले नसते. ‘समजावण्याचा प्रयत्न केला’ एवढाच अर्थ असतो.

प्रश्न : ‘गो फॉर शॉपिंग’ की ‘गो टु शॉपिंग’? (वाचक, पणजी)

उत्तर : ‘गो शॉपिंग’. मधे काही नको. ‘स्विमिंग’, ‘फिशिंग’, ‘डान्सिंग’ यांचेही तसेच. नाम असेल तर ‘गो फॉर अ वॉक’, ‘गो फॉर अ स्विम’. ‘गो फॉर वॉकिंग’ हे या दोहोंच्या मिश्रणातून झाले आहे आणि ते टाळावे. ही रचना मुख्यतः बाहेर पडून केलेल्या विरंगुळ्यासाठी आणि खरेदीसाठी आहे; अभ्यासाला जाताना ‘गो स्टडिंग’ म्हणत नाहीत.

प्रश्न : ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे गजर वाजला, ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे दिवे विझले, आणि ‘द मिल्क वेंट ऑफ’ म्हणजे दूध नासले. एकच जोडशब्द सुरू होण्यासाठीही आणि बंद होण्यासाठीही कसा? (निवृत्त बँक कर्मचारी, सोलापूर)

उत्तर : ‘ऑफ’चा अर्थ ‘बंद’ असा पक्का धरल्यामुळे हा पेच पडतो. बटणावरील तो अर्थ नंतरचा आहे. मूळ अर्थ ‘पासून सुटून, दूर’ असा आहे. गजर हा किल्ली देऊन आवरून धरलेला असतो, आणि वेळ होताच तो सुटतो. बंदुकीतून गोळी सुटते, बाँब उडतो, तेव्हाही ‘गो ऑफ’ म्हणतात, आणि मराठीत ‘सुटणे’ हे क्रियापद तेथे किती चपखल बसते ते पाहण्यासारखे आहे. दिवा पुरवठ्यापासून तुटतो. दूध आपल्या मूळ गुणापासून ढळते. हा शेवटचा प्रयोग ब्रिटिश आहे, अमेरिकन माणूस बहुधा ‘गो बॅड’ म्हणेल. तीन अर्थ तीन वेगळ्या नोंदी म्हणून पाठ करण्यापेक्षा ‘काय कशापासून सुटले?’ असे प्रत्येक वेळी विचारावे.

‘गो ऑन’ला ही पद्धत लावली, तर ‘पुढे चालू राहणे’ हा अर्थ मिळतो, पण त्यात एक खाच आहे. ‘शी वेंट ऑन सिंगिंग’ म्हणजे ती गातच राहिली. ‘शी वेंट ऑन टु सिंग’ म्हणजे आधी दुसरे काही करून झाल्यावर ती गायली. ‘गो थ्रू’चे दोन अर्थ आपल्याला लागतात. कागदपत्रांच्या बाबतीत त्यासाठी ‘नजरेखालून घालणे’ हा अस्सल शब्दप्रयोग आपल्याकडे आहे. दुःखाच्या बाबतीत आजकाल ‘ती कठीण काळातून जात आहे’ असे लिहिले जाते. हे इंग्रजीवरून आलेले वळण आहे असे मला वाटते. ‘तिच्यावर कठीण काळ आला आहे’ किंवा ‘ती हे सोसते आहे’ ही वाक्ये मला अधिक जवळची वाटतात. ‘इट गोज विदाउट सेइंग’साठी मात्र ‘वेगळे सांगायला नको’ हे इतके नेमके आहे, की भाषांतरकारांनी दुसरे काही शोधण्याचे कारण नाही.

प्रश्न : लिलावात ‘गोइंग, गोइंग, गॉन’ असे पुकारतात. याचे व्याकरण काय? (वाचक, सांगली)

उत्तर : आपल्याकडे लिलावात ‘एकवार, दोनवार, तीनवार’ असा पुकारा होतो, काम तेच, पण आपण मोजतो आणि इंग्रज क्रियापदाचे रूप बदलतो. ‘गोइंग’ म्हणजे ‘आता जाणार, अगदी जाण्याच्या बेतात’. वर सांगितलेला नजीकचा भविष्यकाळ येथे एका शब्दात आला आहे. ते दोनदा म्हटले जाते, कारण तोवर कोणीही बोली वाढवू शकतो. ‘गॉन’ हे भूतकालवाचक धातुसाधित आहे, पण येथे ते विशेषणासारखे उभे आहे : वस्तू गेली, आता ती दुसऱ्याची झाली. त्याचा उच्चार ‘गोन’ नव्हे, ‘गॉन’ असा करावा, आणि तो शब्द येतो त्याच क्षणी हातोडी पडलेली असते.